चौथ्या दारातली ओळ

“हाक आली की हातातलं आधी खाली ठेव, पोरी. कुठं ठेवलंस ते ध्यानात ठेव. मगच ओ दे.”

बारा वर्षांपूर्वी विश्राम नाटेकर हे म्हणाले तेव्हा वृंदा शिवलकर नोकरीत नवी होती. आता नाटेकरसरांना निवृत्त होऊनही सहा वर्षं झाली होती. निवृत्तीच्या दिवशी ते घरी गेले आणि कार्यालयातही राहिले. घरी गेले ते हाडामांसाचे. इथं राहिले ते कागदाचे. चौथ्या दाराच्या खोलीत, स्वतः लिहिलेल्या एका ओळीशेजारी, खुर्चीवर बसून असत. पंखा जोरात फिरू लागला की वृंदा त्यांच्या मांडीवर स्टेपलर ठेवी. मग कडा तेवढ्या थोड्या फडफडत.

रत्नागिरीतल्या त्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर यंत्रांचा गाभा, त्यांचा सगळ्यात आतला प्रोग्रॅम, लिहिला जाई. जाणती मंडळी त्याला कर्नेल म्हणतात. त्याचं काम एखाद्या जात्यावरच्या बाईला विचारलं तर ती चटकन सांगेल. दळण चालू असतं, ओवी रंगात आलेली असते, आणि मध्येच कुणीतरी हाक मारतं. घड्याळ मारतं, दाबलेलं बटण मारतं, चढलेलं पाणी मारतं. बाईनं खुंटा सोडायचा, ओवी कुठल्या शब्दावर मोडली ते मनात ठेवायचं, ओ द्यायची, आल्यागेल्याचं बघायचं, आणि परत येऊन त्याच शब्दापासून अशी उचलायची की पिठालासुद्धा कळू नये.

हाका ज्यातून येत ते दार. यंत्रांतल्या चिपा चार जातींच्या, म्हणून दारं चार, आणि प्रत्येकाची कडी वेगळी, रीत वेगळी. वरच्या साहेबांनी ठरवलं की चार दारं कशाला पोसायची, सगळ्यांना मिळून एकच दार करा. काम वृंदाकडे आलं. तीन आठवड्यांत तिनं तीन खोल्या रिकाम्या केल्या, भिंती चटईसारख्या गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. कुणाचं काही अडलं नाही.

चौथी खोली मात्र गुरुवारी सकाळपासून लांबायला लागली.

“अगो वृंदा, तुझी खोली चहाच्या आधी अकरा पावलं होती,” रुबिना काझी म्हणाली. “आता चाळीस. मी स्वतः चालून आले. चप्पल झिजली तर भरून देशील?”

“तू नवी घे, मी रंग निवडीन.”

रुबिना नव्या दाराशी स्टूल टाकून बसली होती. आत येणारी प्रत्येक ओळ तिच्या नजरेखालून जाई. तिचा नियम अख्ख्या मजल्याला पाठ होता. ओळ कितीही गुणाची असो, ती का हवी ते शेजारी लिहिलेलं पाहिजे. कुठं घडलं, कधी घडलं, कुणाच्या डोळ्यांदेखत. ऐकीव कारण रुबिनाला चालत नसे. एकदा साहेबांचीच ओळ तिनं दारातून परत पाठवली होती. ती बिचारी जिन्यात दोन दिवस बसून होती.

“तुझ्याकडे अडलेल्या किती राहिल्या?” रुबिनानं विचारलं.

“एकच. सरांची.”

“‘हे काढू नये. वि. ना.’ ती?”

“तीच.”

“कारण?”

“लिहिलेलं नाही.”

“मग ती आत यायची नाही. आणि भरती आहे चार वाजून दहा मिनिटांनी. आज नवं दार त्या पेटीवर चढायचं आहे, माहीत आहे ना?”

वृंदाला माहीत नसून कसं चालेल? चौथ्या जातीची ती चिप कुडवण्याच्या खाडीवर होती, बांधाच्या उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीवर, एका हिरव्या पेटीत. भरतीचं पाणी चढलं की पाणी हाक मारी, आणि पेटी उघाडीची झडप लावून घेई. बांधामागे चाळीस घरांची भातं उभी होती, त्यात तिच्या मामाचाही एक तुकडा होता. खारं पाणी एकदा आत शिरलं की ती जमीन तीन वर्षं रुसून बसते. कुडवण्यात जमिनीबद्दल असंच बोलतात, घरच्या लेकीसारखं.

ती सरांकडे निघाली. चाळीस पावलं म्हणता म्हणता साठ झाली. भिंतींना ओल धरली होती आणि कोपऱ्याकोपऱ्यातून चिखलाचा, शेवाळाचा वास येत होता.

“सर, ही ओळ काय करते?”

“ओ दिल्यावर पुन्हा एकदा वळून बघते,” नाटेकरसर म्हणाले. आवाज कागदावर नख फिरवल्यासारखा.

“ते मला वाचून कळलं. का बघते?”

“असू दे गो. एका ओळीनं तुझं काय खातंय?”

“कारण हवं. रुबिना सोडत नाही.”

“काझ्यांची पोर पहिल्यापासून हट्टी.” सर पंख्याकडे बघत राहिले. “शेवंतीचा पाय घसरला ना, तेव्हापासून आहे ती.”

शेवंती त्यांची धाकटी बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी, उघाडीवर पेटी बसवली त्याच दिवशी, ती तिथं बुडाली होती. पाय घसरला, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सरांनीच सांगितलं होतं.

“पाय घसरला त्याचा या ओळीशी काय संबंध, सर?”

सरांची एक कड दुमडली. वृंदानं ती बोटानं सरळ केली आणि परत फिरली.

घड्याळात तीन वाजले होते. तिनं मग सगळ्यांच्या हातून होतं तेच केलं. बाकीच्या तिन्ही दारांचं या ओळीवाचून काही अडलं नव्हतं, तेव्हा चौथ्याचं कशाला अडेल, असं स्वतःला समजावलं, ओळ अलगद उचलून सरांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली, आणि खोलीतल्या बाकीच्या ओळी नव्या दारात नेऊन बसवल्या. रुबिनानं एकेक ओळ वाचली, मान हलवली. दार बसलं.

पहिली हाक लगेच आली.

“पाणी चढलं!”

वृंदाच्या हातात चहाचा अर्धा कप होता. तो तिनं फडताळात ठेवला, कुठं ठेवला ते ध्यानात ठेवलं आणि ओ दिली, “आले!” मग झडप लावायला म्हणून एक पाऊल उचललं.

“पाणी चढलं!”

तीच हाक. उचललेलं पाऊल तिनं कपावर ठेवलं. “आले!”

“पाणी चढलं!”

आता हातात काही नव्हतं, पण रुबिनाला सांगायचं एक वाक्य अर्धं झालं होतं. ते पावलावर ठेवलं. पुढच्या हाकेला मोजत असलेली पायरी ठेवली. त्याच्या पुढच्या हाकेला मामाच्या शेताचं नाव, ते ओठांवर आलेलं होतं. फडताळात चळत उभी राहिली. वरचं काढल्याशिवाय खालचं निघायचं नाही, आणि वरचं काढायला उसंत नव्हती. ओ देता देता झडप लावायचं राहून जात होतं.

“अगो, छत बघ!” रुबिना ओरडली. “चळत छताला लागली तर तुला तुझं नावसुद्धा परत मिळायचं नाही!”

“मी ओ देतेय ना! बहिरी आहे का ती?”

“कोण ती?”

तेव्हा वृंदाच्या ध्यानात आलं की हाक बाईच्या आवाजात येत होती.

भिंतींची ओल आता घोट्याइतकी झाली होती. वृंदा लांबलेल्या खोलीत धावत सुटली. धावता धावता आणखी तीन हाका आल्या. तिन्हींना ओ दिली आणि डाव्या हातातली बांगडी, वेणीचा एक पेड, आईच्या घरचा पत्ता असं एकेक चळतीवर पाठवून दिलं. खोलीच्या मध्यावर ती थबकली. पाण्याखाली, चिखलात, तिच्याच ओ पडल्या होत्या. सगळ्या. “आले”, “आले”, “आले”. मेलेल्या नव्हत्या. लहान खेकड्यांसारख्या आडव्या चालत होत्या, दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे, आणि पुढं मात्र इंचभर सरकत होत्या. हाक मारणारीला त्यातली एकही पोचली नव्हती. तिला कुणी ओ दिलीच नव्हती म्हणा ना. मग ती हाक मारणार नाही तर काय करणार?

पलीकडून, खूप लांबून, आवाज दळणाच्या चालीवर आला:

“पैली हाक मारियेली, हाक पान्यावर गेली
दुसरी हाक मारियेली, हाक भरतीनं नेली…”

तिसरी ओळ आली नाही. तिच्या जागी पुन्हा “पाणी चढलं!” आलं.

वृंदानं सरांपाशी जाऊन भिंतीशी टेकवलेली त्यांची ओळ उचलली. ती ओळ हेच करत होती. ओ द्यायची आणि तिच्या मागोमाग जाऊन ती पोचली का ते बघून यायचं. एवढंच. ओळ छातीशी धरून ती दाराशी आली.

“घे. ओ वाटेत रेंगाळते. म्हणून ही हवी.”

रुबिनाचं स्टूल तरंगायला लागलं होतं. तिनं पाय वर घेतले, पण ओळ हातात घेतली नाही. “कुठं घडलं?”

“इथं. आत्ता. बघ ना खाली!”

“आत्ता घडलं ते तू ओळ काढलीस म्हणून. ओळ आधीची आहे. पहिल्यांदा कुठं घडलं? कुणी बघितलं?”

“रुबिना, मामाचं शेत जाईल गं.”

“मला कळत नाही का?” रुबिनाच्या डोळ्यांत पाणी चढलं होतं, खालच्यासारखंच. “मी सोडलं तरी दारच घेणार नाही. ढकलून बघ.”

वृंदानं ढकलून बघितलं. ओळ दारावर आपटून परत आली. चार वाजून चार मिनिटं झाली होती.

ती पुन्हा आत गेली. आता खोली लांब राहिली नव्हती. जितकी लांबली होती तितकीच आवळून सरांच्या खुर्चीभोवती येऊन थांबली होती, दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच. पलीकडच्या उंबऱ्याशी, चौथ्या दारात, पाणी उभं होतं. आडवं पसरलेलं नव्हतं, उभं होतं, काचेच्या तावदानासारखं, आणि त्याच्या मागे पदर खोचलेली एक बाई एका हातानं तोंडाशी ओंजळ करून उभी होती.

“सर, हिला ओळखता?”

“पाय घसरला तिचा,” सर म्हणाले.

“बरं. मग तसंच लिहू? पाय घसरला, म्हणून ओळ?”

“लिही.”

तिनं लिहिलं. अक्षरं पाण्यात सुटून गेली. सरांनी ती जाताना पाहिली.

“तुम्ही कुठं होता तेव्हा?”

“बांधावरच्या खोपीत. पेटीचं तपासत होतो. नवंनवं होतं सगळं.”

“मग पाय घसरताना तुम्हाला दिसला कसा?”

पंखा थांबला. पाणी सरांच्या कागदी पावलांना लागलं आणि शाई घोट्यांपाशी पसरू लागली, आधी निळी, मग नुसती ओली. वृंदानं त्यांचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. वजन काहीच नव्हतं. पावतीइतकंही नाही.

“सर, उठू नका. बसल्या जागी सांगा. तुम्ही विरघळाल.”

“दादा,” काचेपलीकडची बाई म्हणाली, “पाणी चढलं. उतरून उघाडीला फळ्या टाकू?”

बाहेरून रुबिना ओरडली, “चार सात!”

चळत छताला टेकली. वृंदाच्या डोक्यातून मामाचं नाव गेलं, मग शेत कशाचं होतं ते गेलं. आपण या म्हाताऱ्याचे पाय मांडीवर का घेऊन बसलो आहोत, हेही जाऊ लागलं. तिनं पेन तेवढं घट्ट धरून ठेवलं.

नाटेकरसरांनी तिच्या मांडीवरून पाय काढून घेतले आणि पाण्यात ठेवले. ते उभे राहिले. एकोणीस वर्षांत कुणी त्यांना त्या दाराकडे तोंड करून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. शाई गुडघ्यापर्यंत चढली.

“लिही, पोरी,” ते म्हणाले. “कुडवण्याची उघाडी. श्रावण वद्य पंचमी. मी पाहिलं नाही, असं लिही. शेवंतीचा पाय घसरला नाही. ती फळ्या टाकायला स्वतः उतरली. तिनं तीनदा विचारलं. मी खोपीतूनच ‘खाली उतरू नको’ म्हणालो, आणि ते तिला ऐकू गेलं का, हे बघायला उठलो नाही.” वृंदानं लिहिलेली अक्षरं या वेळी पाण्यात सुटली नाहीत.