धावड्याचे चाळीस तुकडे

आमच्या बाबांचा, म्हणजे रामरावांचा, पाण्यावर फार राग. पिण्याच्या नव्हे, कापसावर मारायच्या. बाजारात गाडी नेण्याच्या आदल्या दिवशी काही लोक कापसावर पाणी शिंपडतात, वजन वाढावं म्हणून. आमच्या घरी तीस वर्षांत असा एक थेंब पडला नाही. नेरच्या बाजारात मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर आमच्या गाडीत हातही घालत नसे. "रामरावजीचा माल हाये, पाहाचं काय त्यात?" म्हणून पुढे जायचा. त्या एका वाक्यावर बाबा महिनाभर खूश असायचे.

२००६ च्या हिवाळ्यात भाव इतका पडला, की गावात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. आमची पुढची खोली छतापर्यंत भरली होती आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. त्याच दिवसांत मी लाकडाचे चाळीस तुकडे घेऊन घरी आले.

मी अमरावतीला वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करत होते. माझा प्रश्न साधा होता. धावड्याचं लाकूड सगळीकडे सारखंच भरीव असतं, की जागा बदलली की तेही बदलतं? पांढरकवड्याकडच्या जंगलात वनखात्याची तोड चालू होती. तिथून नाल्याकाठच्या झाडांचे वीस आणि वरच्या खडकाळ टेकडीवरचे वीस, असे काडेपेटीएवढे तुकडे कापून घेतले. प्रत्येकावर नंबर कोरला आणि तिथल्या तिथे ओलं वजन लिहून ठेवलं. पुढचं काम कॉलेजात होतं. आधी ओल्या तुकड्याचं आकारमान मोजायचं, मग भट्टीत वाळवून वजन घ्यायचं. हा क्रम चुकून चालत नाही, कारण वाळलेलं लाकूड आक्रसतं. म्हणून सुट्टी संपेपर्यंत तुकडे बादलीत पाण्याखाली ठेवले आणि दारव्ह्याला मामेबहिणीच्या लग्नाला गेले.

आठ दिवसांनी परतले तर बादली अंगणात पालथी.

"बाबा, माझे तुकडे?"

"सुकवले." बाबा कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे बघत होते. "पाण्यात ठेवून कोनी वजन करते का वं? मास्तरीनले फसवतं का?"

त्यांनी ते कापसाच्या ढिगात खोचले होते. आत चांगली ऊब असते, लवकर वाळतील म्हणून. मी कोपरापर्यंत हात घालून एकेक तुकडा काढला. सगळे कोरडे ठणठणीत. तोड कधीच संपली होती, दुसरे तुकडे मिळणार नव्हते.

"तुमच्या इमानदारीनं माझं वाटोळं केलं!" मी ओरडले. "तुम्हाला काय समजतं यातलं?"

बाबा गोठ्याकडे निघून गेले. ते वाक्य आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

संध्याकाळी एसटीडीवरून मधुवंती मॅडमना फोन लावला. त्याच माझं काम बघायच्या. "रडू नकोस आधी," त्या म्हणाल्या. "परत पाण्यात टाक. जंगलात लिहिलेलं वजन आहे ना? तेवढं भरलं की लाकूड मूळच्या आकाराला आलं समजायचं. नाही भरला तो तुकडा बाद. पण तीस तुकड्यांच्या खाली गेलीस तर वर्ष जाईल."

दुसऱ्या दिवशी उठले तर बादली ओट्यावर, भरलेली. तुकडे पाण्यावर तरंगत होते. मॅडमचं म्हणणं मी रात्री घरी सांगितलं होतं, आणि बाबांनी पहाटेच विहिरीचं पाणी आणलं होतं. त्या दिवसापासून पाणी बदलायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. मी वजन करून आकडा सांगायची, तोही ते पाठ करायचे.

शेजारचे विठ्ठलराव रोज ओट्यापाशी थांबायचे. "काहून रामराव, आता तुमीबी पानी माराले लागले का?"

"कापसाले नाही, लाकडाले," बाबा म्हणायचे. हसायचे नाहीत.

लाकूड पाणी पीत होतं आणि एकेक तुकडा तळाला जात होता. टेकडीवरचे आधी बुडाले, नाल्याकाठचे रेंगाळले. बाबांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. "टेकडीवरचं अंगानंच भारी हाये. खडकात उगोलं, सावकास वाढलं," ते म्हणाले. माझ्या प्रबंधात हे पुढे बारा पानांत आलं. बाराव्या दिवशी एकोणचाळीस तुकड्यांचं वजन भरलं. सतरा नंबर तेवढा जरा कमी होता. मी बाबांच्या पाया पडले, तर ते संकोचून मागे सरकले.

दोन दिवसांनी बाबांनी कापूस बाजारात न्यायचा ठरवला. मला नेरहून अमरावतीची बस धरायची होती, म्हणून पाण्याने भरलेला तुकड्यांचा डबा घेऊन मीही गाडीत बसले.

ग्रेडर आला, नेहमीप्रमाणे हसला आणि पुढे जाणार, एवढ्यात त्याची नजर कडेच्या एका गोळ्यावर गेली. चिकटलेला, पिवळट. त्याने तो उचलला, दाबला, वास घेतला. मला एकदम उमगलं. बाबांनी निथळते तुकडे खोचले होते, तिथलाच कापूस होता तो.

"रामरावजी," तो हळूच म्हणाला, "तुमीबी?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हो," ते म्हणाले. "माह्याच हातानं पानी लागलं."

ग्रेडरने बाही वर सारली आणि आमच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला. इथे, तिथे, तळाशी. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. आजूबाजूचे गाडीवालेही बघत होते.

बसमध्ये बसल्यावर, खाली उभ्या बाबांना बघून मला रडू आवरेना. "सांगितलं काहून नाही तुम्ही? माझ्यामुळे झालं ना?"

"कोनाले खरं वाटलं असतं वं?" बाबांनी खिडकीतून डबा आत दिला. झाकण नीट दाबलं. "आन् त्या सतरा नंबरचं पानी रोज बदलजो. भरीनच तो."