वर्तणूक उत्तम

भडगावच्या पंचक्रोशीत लीलाधर सरांच्या सहीला मोठा मान होता. चौदा वर्षं ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना आला की सर त्यात डोळे मिटून ‘चांगली’ लिहीत. काचा फोडणाऱ्याची चांगली, मास्तरांच्या सायकलची हवा सोडणाऱ्याचीही चांगली. पोराचं आयुष्य आपल्या हातून कशाला खराब करायचं, असा त्यांचा स्वभाव. माणूस भला होता, त्यात वाद नाही. पण कोणाला दुखवायचं नाही, एवढ्यावरच त्याचा भलेपणा संपत असे.

निवृत्तीला तीन वर्षं झाली होती. एका दुपारी मेघा नावाची मुलगी स्कूटरवरून, तोंडाला स्कार्फ बांधून, दारात उभी राहिली. जळगावला पिंप्राळ्यातल्या एका बालगृहात ती काम करत होती. आपल्या सहीची चौकशी करायला कोणी साठ किलोमीटर आलंय म्हटल्यावर सर खूश झाले. त्यांनी बायकोला, सुंदरबाईंना, चहा टाकायला सांगितला.

“आमच्याकडे बावीस मुलं आहेत,” मेघा फाईल उघडत म्हणाली. “कोणी अनाथ, कोणी घरातून पळालेलं. त्यांच्यासाठी काळजीवाहक नेमायचाय. अशा माणसाची पोलीस पडताळणी लागते, आधी जिथे काम केलं तिथला दाखला लागतो, आणि मी स्वतः जाऊन विचारून यायचं असतं. तोवर त्याला मुलांजवळ फिरकू द्यायचं नाही, असा नियम आहे.”

“नियम चांगला आहे,” सर म्हणाले. “माणूस कोण?”

“हितेंद्र म्हणून आहेत. तुमच्या शाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते ना?”

सरांनी कप खाली ठेवला. आतल्या दाराशी सुंदरबाई बशी घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या.

“होते,” सर म्हणाले. “दीड वर्ष होते.”

मेघानं कागद पुढे सरकवले. पोलिसांचा दाखला होता, एकही गुन्हा नोंद नसल्याचा. खाली सरांचं पत्र होतं, नऊ वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच वळणदार अक्षरातलं. ‘मुलांमध्ये मिसळून राहणारे. वर्तणूक उत्तम. स्वखुशीने सेवा सोडत आहेत.’ सरांनी पान उलटलं. धुळ्याच्या एका वसतिगृहाचं पत्र होतं. मुलांमध्ये मिसळून राहणारे, वर्तणूक उत्तम, स्वखुशीने सेवा सोडत आहेत. तिसरं पत्र पहूरकडच्या एका निवासी शाळेचं. त्यातही तेच. कुठे सव्वा वर्ष, कुठे दोन.

“अनुभव दांडगा आहे,” मेघा म्हणाली. “आणि प्रत्येक ठिकाणी एकमतानं कौतुक.”

सरांनी तिन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. त्या पोरीला अनुभव दिसत होता. त्यांना मात्र त्या प्रत्येक पत्रामागे एक मुख्याध्यापक दिसत होता, शाळेचं नाव खराब व्हायला नको म्हणून घाईघाईनं सही करणारा. आणि प्रत्येक मुख्याध्यापकामागे एक मूल.

त्यांच्या शाळेत ते मूल तेजस होतं. चौथीतला, हडकुळा. सरांच्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, “सर, मला हितेंद्र सरांच्या खोलीत झोपवू नका.” सरांनी त्याला खोटं बोलतो म्हणून दोन छड्या दिल्या. आठवड्यानं आणखी दोघं तेच सांगत आले, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पोलिसांत जायच्या ऐवजी त्यांनी हितेंद्रला रातोरात राजीनामा द्यायला लावला आणि वर हे पत्र दिलं, म्हणजे ब्याद मुकाट्यानं जाईल. महिन्याभरात तेजसचा बापही पोराला घेऊन गेला. त्याच्या दाखल्यावर सरांनी, सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच, ‘चांगली’ लिहिलं नाही. ‘समाधानकारक’ लिहिलं. का लिहिलं, हे आज विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. लाज वाटत होती म्हणूनच लिहिलं, दुसरं काय!

“शेवटचा एक प्रश्न,” मेघा म्हणाली. “हा सरकारचा नाही, माझा आहे. तुमच्या घरचं मूल तुम्ही या माणसाजवळ एकटं ठेवाल का?”

सरांनी कागद पुन्हा फाईलमध्ये सरकवले. असली गोष्ट माहीत असून लपवली तर तोही गुन्हा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. पेन्शन होती, गावात मान होता, नातू नुकताच बालवाडीत जायला लागला होता. एक ‘हो’ म्हटलं की मुलगी चहा पिऊन निघून जाणार होती.

“आते तरी खरं सांगी टाका,” सुंदरबाई दारातून अहिराणीत म्हणाल्या. “त्या पोऱ्यानं नाव याद शे ना तुमले? नही ते मी सांगस.”

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि सगळं सांगितलं. तेजसचं नावही सांगितलं, छड्याही सांगितल्या. मेघानं फाईल मिटली. “तरी बरं, मी आले,” ती पुटपुटली, आणि अधीक्षिकांना कळवायला तिनं बालगृहाचा फोन लावला. घाईत स्पीकर चालू झाला.

“बोला मॅडम, हितेंद्र बोलतोय.”

मेघानं स्क्रीनवरचा नंबर पाहिला. बालगृहाचाच होता.

“अधीक्षिका मॅडमना एका मुलाच्या सुनावणीला जावं लागलं,” आवाज मऊ होता, अदबशीर. “सरांचं पत्र आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आजपासूनच या, चौकशी काय, होत राहील. स्वयंपाकाच्या मावशींना मी घरी पाठवलंय. मुलं जेवून माझ्याजवळच पडलीत. तुम्ही सरांकडेच ना? नमस्कार सांगा माझा. त्यांचे फार उपकार आहेत.”

पलीकडे एक लहान आवाज काहीतरी म्हणाला. “झोप,” हितेंद्र हळूच म्हणाला, आणि फोन बंद झाला.

घड्याळात अडीच वाजले होते. पिंप्राळा दीड तासावर. मेघानं पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला, तोच पत्ता पुन्हा सांगितला.

“माझं नाव दे,” सर म्हणाले. “लपवणारा म्हणून दे.”

“किती मुलं आहेत?” पलीकडून विचारलं.

“बावीस,” मेघा म्हणाली आणि स्कूटरकडे धावली.

सर तिच्या मागोमाग अनवाणीच अंगणात आले. “तेजस धरून तेवीस,” ते म्हणाले. पण ते ऐकायला फक्त सुंदरबाई उरल्या होत्या.