बोटांसाठी आवरण

ही गोष्ट २००४ सालची. त्या वर्षी घरात सासूबाई नव्हत्या, पण त्यांचा आवाज होता. अंधांच्या वाचनालयासाठी त्यांनी तीस वर्षं कॅसेटवर गोष्टी वाचल्या होत्या. त्यांतल्या बारा गोष्टी त्यांच्या मुलाने सीडीवर उतरवून घेतल्या, प्रत्येकीच्या वीस-वीस प्रती.

सीडी पुठ्ठ्याच्या पाकिटात जायची आणि पाकिटावर गोष्टीचं नाव ब्रेलमध्ये टोचायचं काम मामंजींचं. ते लहानपणापासून आंधळे. ब्रेलची पट्टी मांडीवर घेऊन ते रोज दहा पाकिटं टोचत. बायकोचा आवाज ज्याला हवा त्याला कुणाला न विचारता सापडावा, एवढाच त्यांचा हट्ट. वाचनालयाची अट एकच होती, प्रत्येक प्रत प्लास्टिकमध्ये सीलबंद हवी. पाकिटं टपालाने जायची, धूळ आणि ओल लागून चालणार नव्हतं.

म्हणून सून आणि मुलगा पॅकिंगची यंत्रं विकणाऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार बोलघेवडा. त्याने दोन यंत्रं दाखवली. एक मोठं, एका तोंडातून माल आत आणि दुसऱ्या तोंडातून गुंडाळून बाहेर. दुसरं साधं, प्लास्टिक कापून चिकटवणारी तापती तार आणि सोबत गरम हवेची बंदूक.

"साहेब, हे बंदुकीचं म्हणजे हात भाजायचा धंदा," दुकानदार म्हणाला. "मोठं भाड्यानेही देतो. बघा तर खरं!"

त्यांनी नेलेलं पाकीट मोठ्या यंत्रातून बाहेर आलं ते आरशासारखं. सून हरखली. "अहो, तोंड दिसतंय यात!" मोठंच ठरलं.

घरी येऊन तिने ते मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी तर्जनी फिरवली. पुन्हा फिरवली. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं.

"कोणती गोष्ट आहे ही?"

मामंजींना साखरेचा आजार जुना, आणि गेले काही महिने चहाचा कप गरम आहे की गार हेही त्यांना बोटांनी कळेनासं झालं होतं. मुलगा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "बोटं गेली गं त्यांची."

आंधळ्या माणसाच्या घरात हळू बोलून काय उपयोग? बाहेरून आवाज आला, "तेच मशीन घ्या. छान असेल दिसायला." आणि त्यांनी दोन्ही हात शालीखाली घेतले. त्या दिवशी पट्टी हातात धरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून सुनेने दोन पाकिटं घेतली, एक उघडं, एक गुंडाळलेलं. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. उघड्यावर ठिपके टोचत होते. गुंडाळलेल्यावर काही नाही, नुसती काच. प्लास्टिक आवळताना ठिपके दाबून सपाट झाले होते. आंधळ्यांच्या वस्तूची निवड त्यांनी डोळ्यांनी केली होती.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. बंदूक मागून घेतली. गरम हवा फक्त कडांना दिली, नाव टोचलेल्या बाजूवर प्लास्टिक आवळायच्या आत हात मागे घेतला. चार पाकिटं बिघडली, पाचवं साधलं.

दुकानदार कळवळला. "ताई, हे काय? झोळी वाटतेय. माझ्या दुकानातून असं गेलं तर लोक हसतील."

"हसू देत. हे दिसायला नाहीच मुळी."

घरी तिने ते मामंजींपुढे धरलं. त्यांनी हात शालीबाहेर काढला नाही.

"कशाला गं पोरी? माझीच बोटं मेलीत."

"मामंजी, काल माझ्या बोटांनाही लागलं नव्हतं. आज लागतंय."

बऱ्याच वेळाने उजवी तर्जनी बाहेर आली. फिरली, अडली. ते कोरडंच हसले. मग एकेक बोट लावून पाहू लागले, जुन्या कुलपाला किल्ल्या लावून पाहाव्या तसे. डाव्या हाताच्या अनामिकेशी थांबले. ओठ हलले.

"जि... न्या... खालची मांजर." आणि थोड्या वेळाने, "ही वाचताना तिला खोकला आला होता. पुन्हा वाच म्हटलं, तर म्हणाली, मांजरालाही येतो."

दोष दोन्हींचा होता, प्लास्टिकचा आणि बोटांचाही. पण एक बोट शिल्लक होतं.

मोठ्याऐवजी साधं यंत्र घरी आणलं आणि दोनशे चाळीस पाकिटं त्या एका बोटाखालून गेली. मुलगा कापून चिकटवी, सून हवा देई, मामंजी तपासत. वाचता आलं नाही की म्हणत, "फाडा," आणि फाडावंच लागे.

पुढे दुकानदाराने त्या ढिल्या पाकिटाचा एक नमुना कपाटात ठेवला आणि तसं पॅकिंग तो आणखी दोन अंधशाळांना करून देऊ लागला. दुकान आता त्याचा जावई पाहतो. मुलगा नोकरीतून निवृत्त झाला, त्याला ऐकू कमी येतं. वाचनालयात सीडी कुणी मागत नाही, गोष्टी फोनवर गेल्या, पण तिथल्या बाईंनी त्या पाकिटांची फळी हलवलेली नाही. मामंजी त्या कामानंतर दोन वर्षांनी गेले. त्या अनामिकेची जाणीव त्याआधीच गेली होती. शेवटचे काही महिने सून पाकिटावरचं पाठ झालेलं नाव मोठ्याने सांगे आणि ते मान हलवत.

सून आता सत्तरीची आहे. ब्रेल ती कधीच शिकली नाही. तिच्याजवळ एक पाकीट आहे, अजून न फोडलेलं, झोळीसारखं. अंगठा फिरवला की ही जिन्याखालची मांजर, एवढं तिला कळतं.