चांगल्या वर्तणुकीचा कागद

एका माणसाचे हात तुम्ही वाया घालवताय, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिली ईमेल मागच्या वर्षीच्या मार्चमधली. त्यानंतर पाच. शिवाय दोन रजिस्टर पत्रं, तुमच्या ऑफिसात सही करून घेतलेली. फोन केला की तुमचा सेक्रेटरी म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सोळा महिने कसली मीटिंग चालते?

तुम्ही ज्या खुर्चीत बसता, तिच्यात तुमच्या आधी अकरा वर्षं श्यामकांत बिशप बसले. पत्र्याच्या चर्चमध्ये, झाडाखाली, एकदा तर बंद पडलेल्या जीपच्या बॉनेटवर त्यांनी प्रभुभोजन दिलंय. मुलींच्या वसतिगृहाची जागा बिल्डरला द्यायला ते आडवे आले, तेव्हा विकायच्या बाजूने तुम्ही होतात. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मीही लिहिते.

बायको वारल्यावर त्यांची मुलगी सुनेत्रा त्यांना इकडे हॉलंडमध्ये, नीउ-व्हेनेपला घेऊन आली. मी विशाखा, तिची शेजारीण. नवऱ्याच्या व्हिसावर आले, आता घरीच कपडे दुरुस्तीचं काम करते. आमची इंग्रजी मंडळी रविवारी दुपारी डच लोकांच्या चर्चमध्ये जमते, ते जेवायला घरी गेल्यावर. हेलेन आमची पाळक. तिने पहिल्याच महिन्यात बिशपांना विचारलं, वेदीशी उभे राहून प्रभुभोजन द्याल का? पण बाहेरून आलेल्या धर्मगुरूला आधी जुन्या धर्मप्रांताचं पत्र लागतं, की याच्याविरुद्ध काही नाही. नियमावर माझं काही म्हणणं नाही. कागदाशिवाय आलेल्या लोकांनी कुठं कुठं काय केलंय ते हेलेनने मला सांगितलंय, आणि मला दोन मुली आहेत. पत्र फक्त तुम्ही द्यायचं होतं.

तोवर बिशप खुर्च्या उचलतात. पाच-पाचच्या थप्प्या, डच लोकांना लागतात तशा. मग कॉफी वाटतात. त्यांना कंपवात झालाय, त्यामुळे ते कुठल्या कोपऱ्यात आहेत ते बशीच्या आवाजावरून कळतं.

"काय साहेब," आमच्या मंडळीतला प्रकाश एकदा म्हणाला, "तिकडं तुमच्या पाया पडायला रांग लागायची, आणि इथं कपबशा."

"तिकडं रांगेतल्या माणसाला काय हवंय ते कळायचं नाही रे. इथं सरळ सांगतात, दूध की साखर."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण सुनेत्राने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. रोज सकाळी बाबा बेसिनशी उभे राहतात. ग्लास काठोकाठ भरतात, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेतात, खाली आणतात, आणि किती सांडलं ते बघतात. मार्चमध्ये ओटा ओला व्हायचा. आता बाहीसुद्धा भिजते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी वर्षभर निभेल, पुढचं सांगता येत नाही. त्यांना अजून एकदा वेदीशी प्रभुभोजनाचा प्याला उचलायचाय. दुसरं काही त्यांनी या देशात मागितलेलं नाही.

जूनमध्ये ते जांभळा झगा घेऊन माझ्याकडे आले. पाठ वाकल्यामुळे पुढून जमिनीला लागत होता.

"चार बोटं आत घे. पण कापू नकोस."

मी त्यांना स्टुलाजवळ उभं केलं आणि टाचण्या लावायला बसले. बसल्या बसल्या बोलून टाकलं. "साहेब, माझ्याच घरी करू. आपण सहा माणसं, पाव, द्राक्षारस. दार लावून घेऊ. कोण विचारतंय?"

"दार लावून करायचं काम नाही ते."

"मग ते तिकडचे गप्प बसलेत ते चालतं? अशा माणसाला काय म्हणायचं?"

त्यांनी स्टुलाला हात टेकला. मला वाटलं, पाय दुखले असतील.

"मीही असंच केलंय," ते म्हणाले. "सुदर्शन म्हणून एक पाळक होता. मंडळाच्या सभेत माझ्या तोंडावर म्हणाला की मी नातेवाइकांना नेमतो. खरं होतं. मग त्याला दुसऱ्या धर्मप्रांतात जायचं होतं, त्याच्या बायकोचा इलाज तिकडे होता. असंच पत्र मागितलं त्याने. मी नाही म्हटलं नाही. त्याचा अर्ज टेबलाच्या खणात ठेवला."

"किती दिवस?"

"चौदा महिने. तिकडची जागा गेली. तो शाळेत कारकून झाला."

"आणि बायको?"

"ते मी विचारलं नाही कधी."

झगा अर्धा टाचलेला होता. मी उठले, म्हटलं, उरलेलं नंतर बघू. ते घरी गेले. पुढचे नऊ दिवस मी त्यांच्या दारावरून सायकल काढली नाही, मागच्या गल्लीने गेले. ज्या माणसासाठी मी सोळा महिने भांडले, तो तुमच्यासारखाच निघाला. झगा मशीनवर तसाच पडून होता.

दहाव्या दिवशी ते स्वतः आले.

"सलाम, विशाखाबाई. रागावलीस ना?"

"हो."

"राहू दे राग. मी सुदर्शनला फोन केला. नंबर मिळवायला आठवडा गेला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, बायको तेव्हाच गेली. म्हणाला, साहेब, तुमचं ओझं उतरवायला मी काय हमाल आहे? फोन ठेवला त्याने. बरोबर केलं." मग खुर्चीला धरून बसत म्हणाले, "आता तू तिकडं पुन्हा लिहिणार असशील तर हे सगळं घाल. हेलेनला मी सांगून आलोय."

"पत्र मिळायचं असेल तर तेही जाईल यानं."

"जाऊ दे. पण उत्तर येऊ दे."

म्हणून हे लिहिलंय. हेलेनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे तुमच्या कागदाबरोबर ती इथल्या वरिष्ठांपुढे ठेवेल, निर्णय त्यांचा. बिशपांच्या प्रभुभोजनासाठी सप्टेंबरचा दुसरा रविवार तिने पेन्सिलीने लिहून ठेवलाय. झगा मी शिवून दिला. राग गेलेला नाही, पण शिवून दिला.

श्यामकांत बिशपांनी केलं ते त्यांच्याच तोंडून तुमच्यापर्यंत आलंय, लपवायला काही उरलेलं नाही. याखेरीज त्यांच्याविरुद्ध तुमच्याकडे काही असेल तर तारखेनिशी लिहा. आम्ही मंडळीत उभं राहून वाचू, ते समोर बसून ऐकतील. काही नसेल तर नाही म्हणून लिहा. एक ओळ पुरे. सेक्रेटरीचा निरोप नको, खाली तुमची सही हवी. आज सकाळी अर्धा ग्लास सांडला.

आहे, की नाही?