दाराकडचा दोर

आमच्या घराण्यात बारीक माणूस जन्माला येत नाही. चुकून आलाच तर फार दिवस बारीक राहत नाही. याची आम्हाला कधी लाज वाटली नाही, कारण आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याच्या घरची माणसं हडकुळी दिसली तर लोक दळण घेऊन कशाला येतील, असा बाबांचा सवाल असतो आणि त्याला गावात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

गिरणीत पोती तोलायचा मोठा काटा आहे. वर्षातून एकदा, पिकं निघून लोकांची घरं भरली की, बाबा आम्हा सगळ्यांना एकेक करून त्यावर उभं करतात आणि पोत्याचं वजन सांगावं तशा आवाजात आकडा जाहीर करतात. आकडा वाढलेला असला तर मान डोलावतात. घटलेला असला तर आईकडे बघतात. पहिला नंबर कायम आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत परत आली. त्या घरच्या खाटा कच्च्या होत्या, एवढंच कारण ती सांगते.

काट्याच्या बाबतीत बाबा फार कडक. काट्यावर चढताना खिशातली किल्लीसुद्धा बाहेर काढून ठेवावी लागते. त्यांच्या मापाविषयी आजवर कुणी ब्र काढलेला नाही, आणि गिरणीत आलेला दाणा ज्याचा त्याच्या घरी गेला नाही असंही कधी झालेलं नाही. या दोन गोष्टी त्यांनी कमावल्या. बाकी सगळं, त्यांच्या मते, मिळत गेलं.

मग दादाचं लग्न झालं आणि घरात वहिनी आली. तिला पहिल्यांदा काट्यावर उभं केलं तेव्हा बाबांनी काटा बिघडलाय का ते तपासलं, तिला उतरवून पुन्हा चढवलं, आणि आकडा काही जाहीर केला नाही. नुसतं 'उतर, पोरी' म्हणाले. गावात तिचं नाव 'काडी' पडलं. घरात कुणी तसं म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून तिला जड असं एकही काम कुणी सांगितलं नाही. ती पोत्याला हात लावायला गेली की तिघं जण धावत. आमच्याकडे हा प्रेमाचा प्रकार समजतात. तिला मात्र आपण या घरात पाहुणी आहोत असं वाटत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात काही यायला आमच्याकडे वेळ लागतो.

आता गिरणीच्या छपराविषयी. राहतं घर स्लॅबचं आहे, पण त्याला लागून असलेल्या गिरणीवर पत्रे आहेत. भिंतींवर आडवे लोखंडी अँगल टाकलेले आणि त्यांवर पत्रे. गवंड्याने अँगल भिंतीत पक्के बसवू या म्हटलं होतं. बाबा म्हणाले, भिंत कशाला फोडायची, वर वजन ठेवलं की वस्तू हलत नाही. बाबांचं जगाविषयीचं सगळं मत एवढंच आहे. त्यांनी पत्र्यांवर वाळूने भरलेली पोती ओळीने ठेवून घेतली आणि विषय संपवला.

पोती उन्हात विरली, वाळू थोडी थोडी गळत गेली. वर चढून कुणी बघितलं असतं तर कळलं असतं. पण आमच्यापैकी कोण चढणार? जो चढेल तो पत्र्यासकट खाली येणार, हे ठरलेलं. वहिनी अंगण झाडताना एकदा म्हणाली होती की पन्हळीखाली रोज वाळू सापडते, मी शिडी लावून बघून येऊ का. आत्या म्हणाली की केरसुणी जरा हलक्या हाताने मारावी, म्हणजे वाळू निघणार नाही. बाबा म्हणाले, सून छपरावर चढली तर लोक काय म्हणतील. विषय पुन्हा संपला.

त्या वर्षी नेमकी ऐन हंगामात गिरणीची मोटर जळाली. ती दुरुस्तीला गेली आणि इकडे लोकांची पोती येतच राहिली. परत न्या असं बाबांच्या तोंडून निघेना. त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरचं धान्य आमच्या पत्र्यांखाली एकावर एक रचलेलं होतं. आणि मग वारा आला.

सकाळीच मोबाइलवर सूचना आली होती की जोराचं वादळ आहे, मागोमाग मुसळधार पाऊस आहे, पत्र्याच्या छपराखाली थांबू नका. आम्ही शहाण्यासारखे स्लॅबच्या खोलीत जाऊन बसलो. वारा आधी शीळ घालत होता, मग गुरगुरायला लागला, मग त्याने बोलणंच सोडून दिलं आणि थेट हाणामारीला उतरला. खिडकीतून समोरच्या शिंप्याच्या दुकानाचे पत्रे उडताना दिसले. एखाद्याने वहीची पानं टराटरा फाडावीत तसे. शिंपी बायकामुलांसह आधीच शाळेत आसऱ्याला गेला होता, म्हणून बरं.

तेवढ्यात गिरणीतून आवाज आला. ढोलासारखा. पत्रा वर जायचा आणि आपटायचा. बाबा उठले. आईने त्यांचा सदरा धरला. ते म्हणाले की छप्पर गेलं आणि पाऊस आला तर गावाने वर्षभर खायचं काय? आईने सदरा सोडला, आणि त्यांच्या मागोमाग स्वतःच निघाली.

गिरणीत पाहतो तर भिंतीवरून अँगल हातभर उचलले जात होते. फटीतून आभाळ दिसत होतं, काळंकुट्ट. वरची पोती कुठे गेली ते विचारायची गरज नव्हती, कारण त्यांची लक्तरं आमच्या अंगावर पडत होती. बाबा क्षणभर वर बघत राहिले. मग त्यांनी जुनाच उपाय काढला. म्हणाले, वर वजन ठेवता येत नाही, तर खाली टांगू.

पोती बांधायचे जाडजूड दोर होतेच. मधला अँगल त्यांनी गिरणीच्या यंत्राखालच्या सिमेंटच्या जोत्याला आवळून बांधला. बाकीच्यांना खाली बांधायला काही नव्हतं. दादा म्हणाला, भरलेली पोती टांगू.

"पोतं फाटतं," बाबा म्हणाले. "माणूस फाटत नाही. धरा दोर."

अशा रीतीने आमचं घराणं गिरणीत टांगलं गेलं. प्रत्येक अँगलवरून दोर टाकला, त्याची बसायला फासासारखी बैठक केली आणि प्रत्येकाने आपला अँगल घेतला. आत्यासाठी दोर टोचेल म्हणून गिरणीचा जुना पट्टा वापरला. ती त्यावर बसली आणि तिच्या बाजूचा अँगल जो भिंतीवर टेकला तो टेकलाच. वाऱ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं असावं. तिच्या पलीकडे आई, मग मी, मग दादा. बाबा सगळ्यात उंच पोत्यांच्या रांगेपाशी. वहिनीला त्यांनी आत बसायला सांगितलं होतं. दाराकडचा शेवटचा अँगल मोकळाच राहिला, कारण बाबांनी माणसं मोजताना आमचीच मोजली होती.

वाऱ्याला ते लगेच कळलं. दाराकडचा अँगल उसळ्या मारू लागला. त्याच्याबरोबर दादाचा अँगल हलू लागला, आणि दादा म्हणजे काही हलकं प्रकरण नव्हे. पत्र्याचा एक हूक सुटून माझ्या कानाजवळून गेला. पावसाचे पहिले थेंब आत आले आणि धान्याच्या सगळ्यात वरच्या पोत्यावर पडले. टप्पोरे. बाबांनी ते पाहिलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून तो चेहरा घाबरलेला आहे हे मला ओळखता आलं नाही. मला वाटलं, त्यांना शिंक येतेय.

त्या वेळी घराकडच्या दारातून वहिनी आत आली. पदर खोचलेला. आली ती सरळ कोपऱ्यात गेली. तिथे जुन्या तराजूची लोखंडी वजनं पडलेली असतात, दार उघडं ठेवायला वापरतो आम्ही. त्यांतली सगळ्यात मोठी दोन तिने फरफटत आणली. एरवी आमच्यातले तिघं तरी धावले असते. पण आम्ही सगळेच टांगलेले होतो, आणि बहुधा म्हणूनच ते काम झालं. तिने दोर अँगलवर टाकला, वजनांच्या कड्यांतून ओवला, गाठ मारली आणि वजनांवर स्वतः बसली.

पहिल्याच झोताबरोबर ती वजनांसकट जमिनीवरून वर गेली. हातभर तरी. मग धाडकन खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खाली. दर खेपेला अँगल भिंतीवर आपटत होता, पण आपटून परत जागेवरच येत होता. दादा पांढराफटक पडला. तो दोर सोडून तिच्याकडे निघाला.

"अहो, दोर सोडलात तर माझ्याशी गाठ आहे," वहिनी हवेतून म्हणाली.

तिचा एवढा मोठा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. तो तिच्यात कुठे मावत होता देव जाणे. दादा मुकाट्याने परत बसला. आत्या म्हणाली, "ऐक रे पोरा तिचं. जड बायकोपेक्षा ही बरी, उडून तुझ्यावर पडली तरी जगशील."

आम्ही हसलो. सगळे टांगलेले, सगळे भिजलेले, आणि सगळे हसत होतो. हसल्यामुळे दोर हलले म्हणून बाबा रागावले.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वाऱ्याने सरळ येऊन पाहिलं, बाजूने येऊन पाहिलं, थोडा दम खाऊन पुन्हा पाहिलं. आईने मधेच विचारलं की चुलीवरचं पाणी उतरवलं का कुणी. कुणीच उतरवलं नव्हतं. मग हळूहळू वारा कंटाळला. पत्रे आधी थरथरत राहिले, मग गप्प झाले, आणि त्यांच्यावर पाऊस पडायला लागला. नुसता पाऊस. तो छपरावर पडत होता आणि खाली येत नव्हता. त्याहून सुंदर आवाज मी ऐकलेला नाही.

वहिनीला खाली उतरवायला दादा गेला. तिचे तळवे सोलून निघाले होते. आईने तिचे हात आपल्या पदरात घेतले आणि हलकेच पुसले.

दुसऱ्या दिवशी लोक आले. कुणाची भिंत गेली होती, कुणाचा गोठा. प्रत्येकाने आपलं पोतं चाचपून पाहिलं. वरचं एक पोतं काठाला ओलं होतं, ते आमचंच निघालं. बाबांनी सगळ्यांना छप्पर कसं राहिलं ते सांगितलं, अगदी कोण कुठल्या अँगलला होतं तेसुद्धा. सांगताना दाराकडच्या अँगलपाशी आले की थांबायचे आणि वहिनीला हाक मारायचे, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष बघता यावं. शेवटी ती स्वयंपाकघराची कडी लावून बसली. पुढल्याच आठवड्यात गवंडी आला आणि अँगल भिंतीत पक्के बसले. त्याने शिट्टी वाजवत काम केलं, तेवढंच बाबांना झोंबलं.

त्या वर्षीचं आमचं तोलणं जरा उशिरा झालं. मोटर दुरुस्त होऊन आली होती आणि गिरणीत बरीच गर्दी होती, दळण आणलेली. आत्या पहिली, आई, दादा, मी. मग बाबांनी वहिनीला हाक मारली. ती काट्यावर चढली, मान खाली. बाबा कोपऱ्यात गेले, जुन्या तराजूची ती दोन लोखंडी वजनं उचलून आणली आणि तिच्या पायांशी ठेवली.

ज्याला काट्यावर खिशातली किल्लीसुद्धा चालत नाही तो माणूस काय करतोय ते कुणाला कळेना. आत्याने तोंड उघडलं. ती म्हणाली की भाऊ म्हणून मी आजवर तुझं सगळं ऐकलं, पण हे माप खोटं आहे.

"त्या दिवशी दाराशी जेवढी होती, तेवढीच तोलतोय," बाबा म्हणाले. "माप बरोबर आहे."

आणि त्यांनी आकडा जाहीर केला. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वहिनीने मान वर केली. दळणाच्या रांगेतल्या शिंप्याने तो आकडा पुन्हा म्हणून दाखवला, मागच्यांना ऐकू गेला नसेल म्हणून.

तरीही पहिला नंबर आत्याचाच आला. वहिनीची वजनं काढल्यावर नव्हे, ती वजनांसकट मोजूनही.