जुन्या सिस्टिमचा माणूस

"इथे सही करा," मॅडम म्हणाल्या. सही सरळ यावी म्हणून त्यांनी कागदावर पट्टी धरली होती. ऑपरेटरने चाचपून ती पट्टी बाजूला केली.

"घरी नेतो. बायकोकडून वाचून घेतो, मग बघू."

"मी वाचून दाखवते ना."

"लिहिलंय तुम्हीच आणि वाचणारही तुम्हीच?" तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. मॅडमनी कागद घडी करून त्याच्या हातात दिला.

बावीस वर्षं तो इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर बसत होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं त्याचा कॉम्प्युटर त्याच्या कानात वाचून दाखवी, तेही इतक्या वेगात की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर नुसती भुणभुण ऐकू येई. पेशंट कुठल्या मजल्यावर, कुठल्या खाटेवर, हे डोळसांना सापडायच्या आत तो सांगून मोकळा होई. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ऑपरेटरच म्हणत, आणि त्यात मान होता.

मग कॉम्प्युटर विभागात या मॅडम आल्या आणि सगळी मशीन्स विंडोजवरून लिनक्सवर न्यायचं ठरलं. कँटीनमध्ये दोन तट पडले. एक्स-रेवाला म्हणे, नवी सिस्टिम हलकी आहे, जुनी मशीन्सही तिच्यावर पळतात. हेडक्लार्कचं म्हणणं, बसलेला हात कशाला मोडायचा? उद्या म्हणाल डाव्या हाताने जेवा. दोघे तावातावाने भांडत आणि चहा संपला की आपापल्या टेबलावर निघून जात. ऑपरेटर त्यांच्यात बोलत नसे. त्यांच्या दृष्टीने हा आवडीनिवडीचा प्रश्न होता; याचे तर डोळेच बदलायला निघाले होते.

मॅडमनी त्याला नव्या सिस्टिमचा आवाज ऐकवला होता. डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज. दोन मिनिटांत त्याने हेडफोन काढून ठेवला आणि माझं जुनंच राहू द्या म्हणाला. त्यानंतरही त्या दोनदा येऊन गेल्या. कुठली बटणं जास्त लागतात, दिवसाला किती फोन येतात, सगळं विचारून लिहून घेतलं. त्या लिहीत असताना कागदावर पेन घासल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता, आणि पाणी कुठेतरी मुरतंय हे तेव्हाच त्याच्या मनाने घेतलं. 'ऑपरेटर शिकायला तयार नाही' असा शेरा मारायचा आणि खिडकीवर डोळस माणूस बसवायचा, हाच डाव. कुणी बोलता बोलता आवाज खाली घेतला तरी त्याला वाटे, विषय आपलाच. तो ड्रॉवरला कुलूप घालू लागला. घरीही ताटात हात घालून तेच बोलत बसे, आणि समोर बसलेल्या बायकोला त्याचं अन्न गार होताना दिसे.

त्या संध्याकाळी बायकोने कागद वाचून दाखवला. ऑपरेटरच्या विनंतीवरून चौकशीच्या खिडकीवरचं मशीन जुन्याच सिस्टिमवर ठेवण्यात येत आहे.

"एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली.

त्याने तिला पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली आणि महिन्याभरात पहिल्यांदा भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सहीच्या कागदाची एक प्रत त्याला दिली. ती त्याने बॅगेत जपून ठेवली. जिंकल्याचा पुरावा होता तो.

दोन महिने बरे गेले. फोन मात्र कमी झाले होते आणि वॉर्डातल्या सिस्टर परस्परच माहिती देत होत्या. मग एका सकाळी एक म्हातारा खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याने बायकोचं नाव सांगितलं. ऑपरेटरने यादीत शोधलं, उलटसुलट करून पुन्हा शोधलं आणि सांगितलं की या नावाचं इथे कुणी नाही.

"काल फोनवर पण तुम्हीच नाही म्हणालात," म्हातारा म्हणाला. "मी दिवसभर बाकीची इस्पितळं पालथी घातली."

जिन्यावरून उतरणाऱ्या सिस्टरने ते ऐकलं. म्हाताऱ्याची बायको दोन दिवसांपासून तिसऱ्या मजल्यावर होती. सिस्टर त्याला हाताला धरून वर घेऊन गेली. तो काही तक्रार करत नव्हता. वर जाताना एवढंच विचारत होता की ती आपल्याला शोधत होती का.

ऑपरेटर भिंतीला हात लावत थेट मॅडमच्या खोलीत गेला. तुम्ही माझी यादी तोडली, म्हणाला. मॅडम म्हणाल्या की एकेक मजला नव्या सिस्टिमवर जातोय, या आठवड्यात तिसरा गेला; तिथल्या नव्या पेशंटांची नोंद नव्या सिस्टिमवर होते आणि ती जुन्या मशीनवर दिसत नाही. हे कागदात लिहिलंय आणि त्याखाली तुमची सही आहे.

"ते नंतर घातलं असेल. माझी प्रत माझ्याकडे आहे, या बॅगेत."

"मग मी वाचतच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याची प्रत स्कॅनरवर ठेवली आणि हेडफोन त्याच्या हातात दिला.

खड्यांचा तो आवाज वाचू लागला. विनंतीवरून. जुन्याच सिस्टिमवर. आणि मग: नवीन नोंदी या मशीनवर उपलब्ध होणार नाहीत, तसेच वर्षअखेरीस या खिडकीची गरज तपासली जाईल. पूर्णविराम. खाली त्याचं नाव.

त्याने ते तीनदा ऐकलं. शेवटी त्याने विचारलं, हा आवाज जरा हळू करता येतो का. येतो, त्या म्हणाल्या, आणि बसायला खुर्ची पुढे केली. त्या दिवशी तो घरी उशिरा पोहोचला.

बायकोने दार उघडलं आणि उशीर का झाला म्हणून विचारलं. नवी सिस्टिम शिकायला बसलो होतो, तो म्हणाला. तिने पाण्याचा तांब्या ठेवला तो नेहमीपेक्षा हळू.

"त्या सिस्टिमचा आवाज आवडत नव्हता ना तुम्हाला?"

"अजूनही आवडत नाही," तो म्हणाला. "पण मधलं काही गाळत नाही."

तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"महिनाभर तुम्ही धड जेवला नव्हतात," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. खरंच होतं ते. या काही महिन्यांत त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता, एक तिच्याखेरीज. तिने ताट वाढलं आणि रोजच्यासारखं सांगू लागली, उजवीकडे भाजी, वाटीत वरण. तो ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याची बोटं ताटाच्या कडेने हळूहळू फिरत होती, एकेक पदार्थ चाचपत.