ताटलीतलं पाणी

क्लाइड माझा थोरला भाऊ. हम्बोल्टच्या डोंगरात चाळीस वर्षं गांजा पिकवला त्याने. पोलिसांचं हेलिकॉप्टर आलं की झाडीत लपायचं आणि ओढ्यातून पाठीवर पाणी वाहून आणायचं, असे ते दिवस. त्यामुळे मी काही सांगायला गेले की त्याचं ठरलेलं, "व्हर्ना, तू मला शिकवणार?"

शिकवावंच लागलं. माझ्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या, पोटात कॅन्सरच्या औषधांमुळे अन्न ठरत नाही. क्लाइडच्याच जुन्या बियाण्याच्या गांजाचे दोन झुरके घेतले की वाटीभर सूप जातं. आता गांजा कायद्याने दुकानात मिळतो, पण तो माल त्याला मानवत नाही. म्हणून मागच्या शेडमध्ये सहा कुंड्या. ओढायचे ते फुलांचे तुरे भरत आले होते, कापणीला तीन आठवडे होते, घरातल्या गांजाच्या बरणीने तळ गाठला होता. आणि नेमकं तेव्हाच ऑरिनला पाच दिवस इस्पितळात ठेवायचं निघालं.

झाडं क्लाइडवर सोपवली आणि त्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ही माती नाही, कोकोपीट आहे, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात स्वतःचा कस नसतो. रोज सकाळी खताचं पाणी घालायचं, खालून निथळेपर्यंत. कुंडीखालच्या ताटलीत निथळलेलं फेकून द्यायचं, त्यात क्षार उतरलेले असतात.

परत आले तर पानांची टोकं जळलेली, कडा वळलेल्या, तुरे करपलेले. ताटल्या मात्र कोरड्या ठणठणीत.

"निथळलेलं कुठे फेकलंस?"

"फेकतोय कशाला? परत कुंडीत ओतलं. रोज बादलीभर चांगलं खतपाणी वाया घालवतेस, लाज नाही वाटत? थेंबाथेंबासाठी कंबर मोडून घेतलीय मी!"

"अरे गाढवा, तेच खारं पाणी पाच दिवस पाजलंस त्यांना! कागद वाचता आला नाही?"

"वाचला. पटला नाही."

पटला नाही! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली ताटली मी भिंतीवर भिरकावली. मग त्यालाच कामाला लावलं. क्षार धुऊन निघावेत म्हणून प्रत्येक कुंडीतून पातळ खतपाणी बादल्याच्या बादल्या सोडायचं आणि खाली आलेलं सगळं अंगणात ओतायचं, माझ्यासमोर. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तो ओतत होता. ओतू दे, म्हटलं.

आठवड्याने पाच झाडं वाळली. एक तगलं, तेही मरतुकडं. त्याचे तीन-चार तुरे हाती लागले तर नशीब. ऑरिनची औषधं अजून चार महिने चालायची आहेत.

बरणी संपली त्या संध्याकाळी ऑरिनने एक चमचा सूप तोंडात घेतलं, शेजारच्या बादलीत ओकला आणि वाटी सरकवून भिंतीकडे तोंड करून पडला. मी वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात बसलेल्या क्लाइडपुढे आपटली.

"वाया घालवायचं नसतं ना? खा."

"व्हर्ना, अगं…"

"खा म्हणते ना!"

त्याने खाल्लं. मान खाली घालून, एकेक चमचा. वाटी रिकामी होईपर्यंत मी समोरून हलले नाही.